सकाळची बालवाडी निवडताना: रडणाऱ्या मुलाजवळ कोण जातं ते बघा

सव्वानऊ वाजले होते. कोथरूडमधल्या एका जुन्या बंगल्याच्या तळमजल्यावर ती बालवाडी भरायची. पायरीवर एक छोटा मुलगा वडिलांच्या पायाला मिठी मारून रडत होता. आतून मावशी आल्या. त्यांनी त्याला ओढलं नाही, "शहाणी मुलं रडत नाहीत" असंही म्हटलं नाही. पदराला हात पुसत त्या त्याच्या शेजारी पायरीवर बसल्या. "बाबा चालले म्हणून रडू येतंय ना? येऊ दे. आपण इथेच बसू." थोड्या वेळानं वडील "डबा खाऊन झाला की येतो" असं सांगून गेले. मुलगा आणखी मोठ्यानं रडला, मग हुंदके देत मावशींच्या मांडीवर बसून कुंडीतल्या मुंग्या बघू लागला. धाकटीसाठी मी ती बालवाडी तिथे पायरीवरच पक्की केली. वर्ग नंतर पाहिला.

मोठ्याच्या वेळी आम्ही उलटं केलं होतं. नवी इमारत, काचेचं दार, रंगीत गालिचे, छापील अभ्यासक्रम. दाराच्या आत पालकांना प्रवेश नव्हता. "छान रमलाय" असा निरोप रोज मिळायचा आणि दप्तरात रोज ओली चड्डी यायची. शू लागली की कुणाला सांगायचं, हे त्या बाळाला तीन आठवडे कळलंच नव्हतं. दीड महिन्यानं त्याला काढलं. त्या दीड महिन्याचं मला अजून वाईट वाटतं. खाली जे लिहिते आहे ते त्यातून आणि धाकटीच्या वेळी केलेल्या शोधातून आलेलं आहे.

आधी घरात ठरवा: कशासाठी आणि आत्ताच का

वयाचा हिशेब नीट करा, कारण इथे बराच गोंधळ होतो. महाराष्ट्रात प्लेग्रुप किंवा नर्सरीसाठी प्रवेशाच्या वर्षी ३१ डिसेंबरपर्यंत ३ वर्षं पूर्ण व्हावी लागतात, पहिलीसाठी ६ वर्षं. म्हणजे जून २०२६ मध्ये नर्सरीत जायचं तर बाळाचा जन्म ३१ डिसेंबर २०२३ किंवा त्याआधीचा हवा. याचा व्यवहारातला अर्थ असा की जूनमध्ये एकाच सतरंजीवर अडीच वर्षांचं आणि साडेतीन वर्षांचं मूल शेजारी बसतं. त्या वयात वर्षभराचं अंतर फार मोठं असतं. एकाला चड्डी स्वतः काढता येते, दुसऱ्याला "शू" हा शब्दही वेळेवर सुचत नाही. राष्ट्रीय बाल हक्क संरक्षण आयोगाची खासगी प्ले स्कूलसाठीची मार्गदर्शक तत्त्वं तर ३ वर्षांखालच्या मुलाला घेऊच नये असं सांगतात. तुमचं बाळ नोव्हेंबर-डिसेंबरचं असेल तर एक वर्ष थांबण्याचा विचार मोकळ्या मनानं करा. कुणाचं मूल कधी जायला लागलं याची सोसायटीत चर्चा होतच राहते. तिच्यावर हा निर्णय सोपवू नका.

मग कारण. समवयस्क मुलांची सोबत हवी असेल, आजीला सकाळी दोन तास मोकळे हवे असतील, आईला घरून काम करताना थोडा निवांतपणा हवा असेल, तर ही सगळी योग्य कारणं आहेत. "मागे पडेल" हे मात्र कारण धरू नका. अडीच वर्षांच्या मुलाला मागे पडण्यासारखं काही नसतं.

दोघंही पूर्णवेळ नोकरी करत असाल तर तासांचा हिशेब कागदावर मांडा. साडेनऊ ते बाराची बालवाडी म्हणजे नऊला घरातून निघणं आणि सव्वाबाराला परत. मधल्या वेळात तुमच्या हाताशी जेमतेम दोन तास उरतात. बाराला आणायला कोण जाणार, त्या माणसाला ताप आला तर कोण, दिवाळीच्या आणि मे महिन्याच्या सुट्टीत काय, याची उत्तरं नसतील तर तुम्हाला खरी गरज चांगल्या पाळणाघराची आहे. दोन्ही एकाच ठिकाणी असलेली जागा मिळाली तर उत्तम, पण ती पाळणाघर म्हणून वेगळी तपासा.

सकाळचीच वेळ घ्या. या वयाची बहुतेक मुलं एक-दीडला जेवून झोपतात. ती झोप मोडून दुपारच्या बॅचला पाठवलेलं मूल तिथे जाऊन पेंगतं नाहीतर चिडतं, आणि दोष बालवाडीला जातो. तीन-चार वर्षांच्या मुलाला दिवसाला १० ते १३ तास झोप लागते असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. म्हणजे सकाळी आठला हसत उठायला रात्री साडेनऊला झोपायला हवं. शाळा सुरू होण्याच्या महिनाभर आधीपासून ही घडी बसवायला लागा.

यादी करा, पण पायांनी

बहुतेक ठिकाणी प्रवेशाची चौकशी नोव्हेंबर-डिसेंबरपासून सुरू होते आणि वर्ग जूनच्या मध्याला. तेव्हा दिवाळी झाली की लागा कामाला. घरापासून चालत दहा-बारा मिनिटांत जे येतं तेवढंच यादीत घ्या. सकाळी नऊच्या रहदारीत, मुलाचं बोट धरून, एकदा प्रत्यक्ष चालून बघा. त्याच रस्त्यानं तुम्हाला जुलैच्या पावसात एका हातात छत्री आणि दुसऱ्या कडेवर मूल घेऊन जायचं आहे. अडीच-तीन वर्षांच्या मुलाला व्हॅनमध्ये कोंबून पाठवायला माझा साफ विरोध आहे. दूरची नामवंत शाळा त्या प्रवासाची भरपाई करू शकत नाही.

यादीत जवळची अंगणवाडीही लिहा. शहरातले मध्यमवर्गीय पालक तिच्याकडे बघतही नाहीत, याची मला खंत वाटते. ३ ते ६ वयाच्या मुलांसाठी ती मोफत आहे आणि काही सेविका अप्रतिम काम करतात. काही ठिकाणी जागा फार अपुरी असते, हेही खरं. जाऊन बघितल्याशिवाय ठरवू नका. 'अंगणवाडी' या शब्दाचा उगमही लक्षात ठेवण्यासारखा आहे. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डीला (आताच्या पालघर जिल्ह्यात) ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं. आदिवासी पाड्यांवरची मुलं बालवाडीपर्यंत येईनात, तेव्हा ताराबाई आणि त्यांच्या सहकारी अनुताई वाघ यांनी बालवाडीच मुलांच्या अंगणात नेली. शंख-शिंपले, बिया, पानं, खडे हीच तिथली साधनं. आज महागड्या खेळण्यांच्या कपाटासमोर उभं राहिलं की मी मनात एवढंच विचारते की यातली किती मुलांच्या हातात जातात.

फोनवरचे तीन प्रश्न

सगळीकडे जाण्याआधी फोन करा. मी हे तीन विचारायचे आणि त्यावर निम्मी यादी गळाली.

पहिला: "सुरुवातीला मूल रडलं तर मला किती दिवस आत थांबता येईल?" "एकही दिवस नाही, त्यानं सवय बिघडते" असं उत्तर आलं की मी आभार मानून फोन ठेवायचे.

दुसरा: "एका वर्गात मुलं किती आणि मोठी माणसं किती?" आकडे विचारा, "पुरेशी आहेत" यावर थांबू नका. लहान मुलांच्या संगोपन आणि शिक्षणाच्या २०१३ च्या राष्ट्रीय धोरणात ३ ते ६ वयाच्या २० मुलांमागे एक आणि ३ खालच्या १० मुलांमागे एक मोठं माणूस, असं प्रमाण आहे. बाल हक्क आयोगाची तत्त्वं २० मुलांना एक शिक्षिका आणि जोडीला एक सांभाळणारी व्यक्ती असं सांगतात. हे किमान समजा. वर्गात अडीच वर्षांची मुलं असतील तर सात-आठ मुलांमागे एक माणूस असल्याशिवाय कुणाचंच नाक वेळेवर पुसलं जात नाही, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

तिसरा: "शू-शीला कोण नेतं?" इथे नाव आलं पाहिजे. "आमच्या सुमनमावशी नेतात, सहा वर्षं आहेत इथे" असं काहीतरी. "स्टाफ बघतो" हे उत्तर अर्धवट आहे.

भेट: दोनदा जा आणि गप्प बसा

शाळेच्या ओपन हाउसला गेलात तर फक्त फुगे दिसतील. एकदा भरण्याच्या वेळी जा, एकदा सुटण्याच्या. शिवाय मधल्या वेळेत अर्धा तास वर्गाच्या कोपऱ्यात बसू द्या म्हणून विनंती करा. परवानगी मिळाली तर मोबाइल पर्समध्ये ठेवा आणि फक्त बघा.

सगळ्यात आधी रडणारं मूल शोधा. कुठल्याही बालवाडीत एखादं तरी असतंच. त्याच्याजवळ कोण जातं, किती वेळानं जातं, गुडघ्यावर बसून त्याच्या डोळ्यांच्या उंचीवर येतं का, की लांबूनच "चला, चला, पुरे आता" म्हणतं? एका ठिकाणी रडणाऱ्या मुलीला लगेच टीव्हीसमोर बसवलं. ती गप्प झाली. बालगीतं सुरू होती, चित्रं हलत होती, वर्ग शांत होता. त्या शांततेला भुलू नका. अडीच तासांच्या बालवाडीत पडद्याची गरजच नसते.

दुसरं, भांडण. एकाच्या हातातली गाडी दुसऱ्यानं ओढली, तिसऱ्यानं चावा घेतला. या वयात चावणं नेहमीचंच आहे, शब्द तोकडे पडतात म्हणून दात चालतात. ताई चावलेल्याला आधी जवळ घेते का? चावणाऱ्याला "घाणेरडा" म्हणते की "दुखतं त्याला, गाडी हवी तर माग" असं सांगते? मुलांसमोर कुणालाही नाव ठेवलेलं ऐकलंत तर पुढचं काही बघायची गरज नाही.

तिसरं, भिंत. भिंतीवर एकसारखी पंचवीस बदकं चिकटवलेली दिसली तर ती बाईंनी चिकटवली आहेत. वेडेवाकडे फराटे, फाटलेला कागद, बोटांचे ठसे दिसले तर ती मुलांची. अक्षरं गिरवायच्या वह्या आहेत का ते बघा. तीन वर्षांच्या बोटांत अक्षरं गिरवण्याइतकं बळ आलेलं नसतं. ते कणीक मळून, मटार सोलून, मणी ओवून, वाळू उपसून येतं. "आमची मुलं दिवाळीपर्यंत ए टू झेड लिहितात" हे कौतुकानं सांगणारी शाळा मी याच कारणानं सोडली. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० आणि त्यानंतर आलेला २०२२ चा पायाभूत स्तराचा (३ ते ८ वयाच्या मुलांसाठीचा) अभ्यासक्रम आराखडा, दोन्ही या वयात खेळातून शिकण्यावरच भर देतात. गोष्ट, गाणं, भाषा यांना दिवसात किती वेळ आहे ते विचारा.

भाषेबद्दल आग्रहानं सांगते. घरी मराठी असेल तर ताईला मराठी नीट कळायला हवं. "पोटात कसंतरी होतंय", "मला टोचतंय", "शी आली" हे मूल आपल्याच भाषेत सांगणार. इंग्रजी बडबडगीतं खुशाल असू देत, पण रडताना समजूत आईच्या भाषेत निघाली पाहिजे. बंगळूरला, हैदराबादला किंवा परदेशात असाल तर ताईंना दहा शब्दांची चिठ्ठी करून द्या: शू, शी, पाणी, भूक, दुखतंय, झोप, नको, आई, बाबा आणि मुलाच्या आवडत्या वस्तूचं घरचं नाव. माझ्या बहिणीनं पुण्याबाहेर गेल्यावर हे केलं. त्या बाईंनी ती चिठ्ठी फळ्याशेजारी चिकटवून ठेवली होती.

संडास, दार आणि बादली

वर्ग बघून झाला की संडास दाखवा म्हणा. संकोच करू नका. बसायला छोटं भांडं किंवा पायाखाली पाट आहे का, नळ मुलाच्या हाताला येतो का, साबण आहे का, फरशी निसरडी आहे का. आतली कडी मुलाला लावता येते का? लागत असेल तर एखाद दिवशी मूल आत अडकेल. पाण्यानं भरलेली उघडी बादली किंवा टब दिसला तर तिथल्या तिथे सांगा, कारण एवढ्याशा पाण्यातही लहान मूल बुडू शकतं. फिनेल आणि अ‍ॅसिडच्या बाटल्या वरच्या कपाटात, कुलपात हव्यात. मुलांना नेणारी स्त्री ठरलेली असावी, आणि ती नेते तेव्हा दुसऱ्या मोठ्या माणसाला ते कळेल, दिसेल अशी रचना हवी.

फाटक कोण उघडतं आणि खिटी किती उंचीवर आहे? सुटण्याच्या वेळी पाच मिनिटं बाजूला उभं राहून बघा, मुलं ओळखीच्या माणसाच्याच हाती दिली जातात का. नेणाऱ्यांची नावं आणि फोटो शाळेनं आधी मागून घ्यायला हवेत. धाकटीच्या बालवाडीत एकदा माझा सख्खा भाऊ न कळवता आणायला गेला, तर मावशींनी त्याला वीस मिनिटं बाहेर उभं केलं आणि मला फोन लावला. भाऊ रागावला होता. मी मावशींसाठी दुसऱ्या दिवशी मोगऱ्याचा गजरा नेला.

कॅमेरे असावेत, पण कॅमेऱ्यावर भिस्त ठेवू नका. कर्मचाऱ्यांची पोलीस पडताळणी झाली आहे का, आग विझवण्याचं नळकांडं मुदतीतलं आहे का, घशात काही अडकलं तर काय करायचं हे ताईंना प्रत्यक्ष येतं का, हे विचारा. जागा किती पुरेशी याला एक मोजमाप आहे. त्याच २०१३ च्या धोरणात ३० मुलांना ३५ चौरस मीटरची, म्हणजे साधारण ३७५ चौरस फुटांची खोली आणि बाहेर ३० चौरस मीटर मोकळी जागा सांगितली आहे. बंगल्यातल्या छोट्या खोलीत पंचवीस मुलं बसलेली दिसली की हे आकडे आठवा.

डबा आणि ताप

डब्यात अख्खे शेंगदाणे, फुटाणे, पॉपकॉर्न, अख्खी द्राक्षं चालतात का असं विचारा. "चालतं की" म्हणाले तर त्यांना धोका माहीत नाही. चार वर्षांखालच्या मुलाच्या घशात हेच अडकतं. द्राक्षं उभी चिरून द्या.

आजारी मुलाला घरी पाठवणारी बालवाडी चांगली समजा, मग एखाद दिवशी ते तुमचं मूल का असेना. पहिल्या वर्षी सर्दी-खोकला लागोपाठ होतो, त्याला घाबरू नका. पावसाळ्यात हात-पाय-तोंडाला फोड येणारा संसर्ग या वयात भराभर पसरतो. अशा वेळी शाळा सगळ्या पालकांना लगेच कळवते का, हे जुन्या पालकांना विचारा. लसीकरणाचं कार्ड प्रवेशाच्या वेळी मागणारी शाळा काळजी घेणारी आहे.

पैसे

सगळी रक्कम लेखी मागा: प्रवेश फी, टर्म फी, किट, गणवेश, गॅदरिंगचा पोशाख, सहल. वर्षाची बेरीज करा आणि त्यांच्या कॅलेंडरमधल्या खऱ्या दिवसांनी भागा. दिवाळी, नाताळ, मे वगळून दिवस मोजले की दर दिवसाचा आकडा बऱ्याचदा वेगळाच निघतो. वर्षाचे पैसे एकरकमी भरू नका, सवलत दाखवली तरी. पहिल्या महिन्यात काढलं तर काय परत मिळेल हे पावतीवर लिहून घ्या. मोठ्याच्या वेळी आम्ही हे केलं नव्हतं आणि पैसे अडकले म्हणून दोन आठवडे जास्त ओढले. शिवाय विचारा की केंद्राची शासनाकडे नोंद आहे का. राज्याच्या शिक्षण विभागानं २०२५ मध्ये खासगी पूर्वप्राथमिक केंद्रांना पोर्टलवर माहिती भरायला सांगितली आहे.

रुळवणं

जागा ठरली तरी अर्धं काम बाकी असतं. सुट्टीत दोन-तीनदा नुसतं फाटकापर्यंत जाऊन या. घरी डबा उघडणं, पाण्याच्या बाटलीचं झाकण फिरवणं, चड्डी खाली करणं हे खेळत शिकवा. झाकण न उघडल्यामुळे तहानलेलं राहिलेलं मूल सांगत नाही, नुसतं चिडचिड करतं.

आमच्या ताईंनी सांगितलेला क्रम असा होता. पहिले दोन दिवस मी वर्गात, एक तास. तिसऱ्या-चौथ्या दिवशी मी व्हरांड्यात, तिला दिसेन अशी. पाचव्या दिवशी निरोप घेऊन अर्धा तास बाहेर. दुसऱ्या आठवड्यात डब्याच्या वेळेपर्यंत, तिसऱ्या आठवड्यात पूर्ण वेळ. सोमवारी पुन्हा थोडं मागे जावं लागलं. सोबत माझ्या जुन्या ओढणीचा एक तुकडा तिच्या खिशात असायचा.

निरोप लपून घेऊ नका. मूल खेळात गुंगलं की हळूच सटकायचा सल्ला आजही सर्रास दिला जातो. पण मान वर केल्यावर आई नाही हे एकदा कळलं की मूल पुढे खेळात गुंगायलाच भितं. रोज तेच एक वाक्य म्हणा, आणि वेळ त्याच्या घड्याळात सांगा: "गाणी होणार, डबा होणार, मग आई येणार." आणि डब्यानंतर खरंच या. पहिल्या महिन्यात पाच मिनिटंही उशीर करू नका.

दारात रडून दहा मिनिटांत खेळायला लागणं ठीक आहे. ताईंना "रमलाय का" असं विचारू नका. "आज कुणाशेजारी बसला, डबा किती खाल्ला, शू किती वाजता केली" हे विचारा. ज्या ताईला हे सांगता येतं तिचं तुमच्या मुलाकडे लक्ष आहे. तीन-चार आठवड्यांनंतरही मूल तिथे खात-पीत नसेल, शू रोखून धरत असेल, रात्री दचकून उठत असेल किंवा एखाद्या माणसाचं नाव काढताच आक्रसत असेल, तर दुसऱ्याच दिवशी जाऊन वर्गात बसायची मागणी करा. नकार मिळाला तर तिथे पाठवू नका.

आणि काढायचं ठरलं तर एकदम बंद करू नका. काही वाईट घडलेलं नसेल तर एका सकाळी मुलाला घेऊन जा, ताईंना आणि मित्रांना "अच्छा" म्हणू द्या, कोपऱ्यातली त्याची चप्पल, त्याचं चित्र घेऊन या. मोठ्याला आम्ही तसं नेलं नाही. नंतर कितीतरी दिवस तो दुपारी जेवताना विचारायचा, "आदी आज आला होता का?"